विस्मृत त्रिकुटें

‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ अशी आपल्या भाषेंत एक म्हण आहे. शुभकार्यास तिघांनीं मिळून जाऊं नये, असा वडील मंडळींचा संकेत तिच्या मुळाशीं आहे. परंतु संगीताच्या इतिहासांत असा एक अल्पसा काळ येऊन गेला कीं, त्या काळांत या म्हणीचा अर्थ नेमका उलटा झाला. १९६६ पासून १९७० पर्यंतच्या चार-पांच वर्षांत इंग्लंड, अमेरिका, स्वीडन, ब्राझील अशा दूरदूरच्या देशांत तीन-तीन तरुणांनीं एकत्र येऊन वाद्यवृंद काढले, आणि पूर्वीं दहा-बारा वादकांस जें साधत नसे तें तिघांच्या बळावर साधून दाखविलें. यांपैकीं दोन त्रिकुटांचीं नांवें आज सर्वतोमुखीं आहेत. बाकीचीं बहुतेक विस्मृतीच्या पडद्याआड गेलीं. अंगीं गुण नव्हता म्हणून तीं मागें पडलीं, कीं दुसऱ्या कांहीं कारणानें. आणि त्यांतील कांहीं पुन्हां उजेडांत आलीं तीं कोणाच्या कृपेनें, याचा थोडासा विचार या लेखांत करावयाचा योजिला आहे.

प्रथम नांवाचा उलगडा केला पाहिजे. ज्यास रॉक संगीत म्हणतात तें अमेरिकेंत १९५० नंतरच्या दशकांत उदयास आलें. तेथील कृष्णवर्णीय लोकांचीं ब्लूज नांवाचीं गीतें, त्यांचें तालप्रधान नृत्यसंगीत आणि गोऱ्या लोकांचीं ग्रामगीतें यांच्या संगमांतून तें निर्माण झालें, व विजेच्या गिटारीमुळें त्यास एक निराळेंच तेज चढलें. ‘सायकेडेलिक’ हा शब्द मात्र निराळ्या घरचा आहे. चित्तावर विलक्षण परिणाम करणाऱ्या द्रव्यांचा अभ्यास करीत असतां हंफ्री ऑस्मंड नांवाच्या मानसोपचारतज्ज्ञानें १९५६ च्या सुमारास, ‘चित्त’ आणि ‘प्रकट’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांची सांगड घालून तो बनविला. दहा वर्षांनीं तरुण संगीतकारांनीं तो उचलला. स्वप्नांत वस्तूंचे आकार जसे वितळतात, लांबतात, एकमेकांत मिसळतात, तसे स्वरांचे आकार व्हावेत, अशी त्यांची आकांक्षा होती. या नादांत कित्येकांनीं त्या द्रव्यांचें सेवनहि केलें, आणि त्याचें कटु फळ त्यांस भोगावें लागलें, हें येथें स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. परंतु त्यांच्या संगीताचें सामर्थ्य त्या द्रव्यांत नव्हतें. द्रव्य घेणारे हजारों होते, चांगलें वाजविणारे थोडे. तें सामर्थ्य नव्या यंत्रांत आणि तीं यंत्रें वश करणाऱ्या बोटांत होतें.

आतां तिघेच कां, हा प्रश्न घेऊं. आपल्या मैफलींत तंबोरा सूर धरून ठेवतो, तबला काल मोजतो, आणि गवई त्या दोहोंच्या आधारावर आपली कल्पना खेळवितो. रॉक संगीतांतील त्रिकुटाची रचना बरीचशी अशीच आहे. बेस गिटार खालचे गंभीर स्वर देऊन पाया घालते, ड्रम लय राखतो, आणि मुख्य गिटार वर नक्षीकाम करते. गाणें त्या तिघांपैकींच कोणीतरी म्हणतो. चौघांच्या किंवा पांचांच्या वाद्यवृंदांत दुसरा गिटारवादक किंवा पियानोवादक असतो. मुख्य वादक तान घेण्यास निघाला कीं, हा मागें राहून स्वरसमूहांचें अस्तर लावून धरतो व पोकळी पडूं देत नाहीं. त्रिकुटांत हा मागें राहणारा माणूसच नाहीं. गिटारवादकानें साथ सोडून तान घेतली कीं, मागें केवळ पाया आणि लय उरते. अशा वेळीं बेस वाजविणाऱ्यास पाया सांभाळून दुसरी चालहि रचावी लागते. ड्रम वाजविणाऱ्यास नुसता ठेका धरून चालत नाहीं, प्रत्येक वाक्यास उत्तर द्यावें लागतें. सारांश, प्रत्येकावर दीड माणसाचें काम येऊन पडतें. कोणास विसावा नाहीं, आणि कोणास दुसऱ्याच्या पाठीमागें लपतांहि येत नाहीं. एकाची चूक तिघांची होते. या अडचणींतच त्रिकुटाचें वैभव आहे.

या वैभवास यंत्रांचें साहाय्य मिळालें तें असें. लंडनच्या पश्चिम भागांत हॅन्वेल येथें जिम मार्शल नांवाचा एक ड्रमवादक वाद्यांचें दुकान चालवीत असे. त्यानें १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत आपल्या दुकानीं येणाऱ्या तरुणांच्या मागणीवरून अधिक बळकट अँप्लिफायर बनविण्यास आरंभ केला, आणि १९६६ च्या सुमारास शंभर वॅट शक्तीचीं त्याचीं यंत्रें रंगभूमीवर दिसूं लागलीं. माणसाच्या उंचीच्या लाउडस्पीकरांच्या पेट्यांवर तीं ठेवलेलीं असत. यांचा उपयोग आवाज मोठा करण्यापुरताच होता असें समजणें मात्र चुकीचें होईल. अँप्लिफायरला त्याच्या शक्तीबाहेर काम सांगितलें म्हणजे ध्वनिलहरींचे माथे कापल्यासारखे सपाट होतात, आणि मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक वरचे उपस्वर उमटूं लागतात. एकच तार छेडली तरी ती दाट, खरखरीत आणि भरदार ऐकूं येते. दुसरें असें कीं, लाउडस्पीकरचा आवाज फार मोठा झाला म्हणजे त्याच्या आघातानें गिटारीची तारच पुन्हां कंप पावते. तो कंप पुन्हां यंत्रांत जातो, आणि स्वर विरण्याऐवजीं सारंगीच्या स्वरासारखा लांबच लांब टिकून राहतो. याखेरीज स्वर मुद्दाम फाडणारी ‘फझ’ नांवाची डबी १९६२ मध्यें, आणि पायानें दाबून स्वराचें तोंड उघडझांप करणारें ‘वा-वा’ नांवाचें पायटें १९६७ मध्यें बाजारांत आलें. ज्यास पूर्वीं यंत्राचा दोष म्हणत, तोच आतां कलावंताच्या हातांतील गुण झाला. तिसऱ्या-चौथ्या वाद्याची रिकामी जागा एका गिटारीनें भरून निघाली.

या नव्या साधनांचा पहिला मोठा विजय लंडनमध्यें झाला. एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर या तिघांनीं जुलै १९६६ मध्यें ‘क्रीम’ नांवाचें त्रिकूट काढलें. त्याच वर्षीं शरद् ऋतूंत अमेरिकेहून लंडनला आलेल्या जिमी हेंड्रिक्सनें नोएल रेडिंग व मिच मिचेल या दोन इंग्रज तरुणांस घेऊन आपलें त्रिकूट उभें केलें. दोघांचेंहि आयुष्य अल्प ठरलें. क्रीमचा निरोपाचा कार्यक्रम २६ नोव्हेंबर १९६८ रोजीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें झाला; हेंड्रिक्सचें मूळ त्रिकूट १९६९ च्या उन्हाळ्यांत मोडलें, आणि १८ सप्टेंबर १९७० रोजीं झोंपेच्या औषधांचा अतिरेक होऊन तो सत्ताविसाव्या वर्षीं मरण पावला. परंतु तेवढ्या काळांत या दोन वृक्षांची छाया इतकी दाट पडली कीं, तिच्याखालीं वाढणाऱ्या इतर रोपांकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. त्यांपैकीं तिघांची कथा आपण पाहूं. पहिलें त्रिकूट उपहासाखालीं दबलें, दुसरें बोलबोलतां विरून गेलें, आणि तिसरें भाषा व राजसत्ता यांच्या भिंतींमागें अडकलें.

पहिलें त्रिकूट अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्को शहरचें. त्याचें नांव ‘ब्लू चीअर’. तें एका प्रकारच्या मादक गोळीवरून घेतलेलें होतें, यावरून त्या शहरांतील त्या काळच्या वातावरणाची कल्पना येईल. आरंभीं या वाद्यवृंदांत अधिक माणसें होतीं. १९६७ मध्यें डिकी पीटरसन, ली स्टीव्हन्स आणि पॉल व्हेली हे तिघेच उरले. पीटरसन बेस वाजवी व गाई, स्टीव्हन्सकडे गिटार आणि व्हेलीकडे ड्रम असे. त्यांची ‘व्हिन्सेबस इरप्टम’ ही पहिली मोठी ध्वनिमुद्रिका जानेवारी १९६८ मध्यें निघाली. तींत एडी कॉक्रन यानें दहा वर्षांपूर्वीं गाइलेलें ‘समरटाइम ब्लूज’ हें हलकेंफुलकें गीत त्यांनीं अशा कांहीं दांडगाईनें वाजविलें कीं, मूळ गीत जाणणारास तें ओळखण्यास क्षणभर थांबावें लागे. गंमत ही कीं, तें लोकांस आवडलें. अमेरिकेंतील खपाच्या यादींत तें चौदाव्या क्रमांकापर्यंत चढलें.

त्यांच्या आवाजाविषयींची एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. १९६८ मध्येंच त्यांनीं दुसरी ध्वनिमुद्रिका केली. तिचा कांहीं भाग चार भिंतींच्या आंत मुद्रित न करतां, यंत्रें बाहेर नेऊन उघड्या जागेंत, पाण्याच्या कांठच्या धक्क्यावर मुद्रित करण्यांत आला. ‘आउटसाइडइनसाइड’ म्हणजे ‘बाहेर-आंत’ असें तिचें नांव ठेवण्यांत आलें तें यावरूनच. मुद्रणगृहांत मावत नाहीं असा आवाज काढणें हा अनेकांच्या मतें निव्वळ धांगडधिंगा होता. यांस वाजवितां येत नाहीं, म्हणून हे मोठ्यानें वाजवितात, असा आक्षेप त्यांच्यावर येत असे. त्यांत सत्याचा अंश होता. क्रीममधील वादकांचें कौशल्य या तिघांपाशीं नव्हतें. परंतु कौशल्य ही एक गोष्ट आणि नवी वाट पाहणें ही दुसरी. जड, संथ, एकाच स्वरसमूहावर घणासारखे घाव घालीत जाणारी जी रीति त्यांनीं काढली, तीच पुढें ‘हेवी मेटल’ या नांवानें जगभर रूढ झाली; आणि आज त्या प्रकाराचा इतिहास लिहिणारे ब्लू चीअरचें नांव आरंभींच घेतात. तें श्रेय मिळेपर्यंत मूळ त्रिकूट मात्र कधींच मोडलें होतें. दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेनंतर स्टीव्हन्स निघून गेला, माणसें येत-जात राहिलीं, आणि पीटरसननें अनेक वर्षांनीं पुन्हां माणसें जमवून तेंच नांव चालविलें. त्याचा अंत २००९ मध्यें जर्मनींत झाला.

दुसऱ्या त्रिकुटाची कथा याहून शांत व याहून उदास आहे. अमेरिकेंतील या गर्जनेपासून फार दूर, युरोपच्या उत्तरेस स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथें, १९६७ मध्यें ‘बेबी ग्रँडमदर्स’ म्हणजे ‘तान्ह्या आज्या’ असें विनोदी नांव घेऊन तीन तरुण पुढें आले. केनी होकान्सन गिटार वाजवी, बेल्ला लिन्नार्सन बेस, आणि पेले एकमन ड्रम. ‘फिलिप्स’ नांवाचा तरुणांचा एक क्लब तेव्हां त्या शहरांत होता. तेथें ते नेहमीं वाजवीत असत. लहान तीन मिनिटांचीं गीतें म्हणण्याचा त्यांचा खाक्या नव्हता. एखादी लहानशी स्वरपंक्ति घ्यावी आणि तिचा विस्तार करीत करीत श्रोत्यांस दूरवर घेऊन जावें, ही त्यांची रीति. आपल्याकडील रागविस्ताराची ज्यास संवय आहे त्यास यांत परकें कांहीं वाटणार नाहीं; पाश्चात्य तरुणसंगीतांत मात्र ही गोष्ट त्या वेळीं नवी होती.

जानेवारी १९६८ मध्यें हेंड्रिक्स स्वीडनमध्यें आला, तेव्हां त्याच्या कार्यक्रमांत आधीं वाजविण्याचा मान या तिघांस मिळाला. एवढा मान मिळूनहि त्यांच्या नांवावर त्या काळांत निघालें काय, तर एक लहान तबकडी. आणि तीहि स्वदेशांत नव्हे, तर शेजारच्या फिनलंडमध्यें. तिच्या दोन बाजूंवर दोन रचना होत्या. त्यानंतर १९६८ मध्येंच हे तिघेहि ‘मेकी मार्क मेन’ नांवाच्या दुसऱ्या वाद्यवृंदांत सामील झाले, आणि बेबी ग्रँडमदर्स हें नांव मावळलें. पुढें होकान्सननें ‘केबनेकाइसे’ या वाद्यवृंदांत स्वीडनच्या खेड्यांतील जुन्या चाली विजेच्या वाद्यांवर वाजवून कीर्ति मिळविली. परंतु त्या पहिल्या त्रिकुटाची आठवण प्रत्यक्ष ऐकणारांच्या मनांतच काय ती राहिली.

चाळीस वर्षें अशीं गेलीं. नंतर २००७ मध्यें स्टॉकहोममधील एका लहानशा ध्वनिमुद्रिका-प्रकाशन संस्थेनें ती तबकडी आणि त्या काळच्या कार्यक्रमांच्या शिल्लक राहिलेल्या ध्वनिफिती एकत्र करून प्रसिद्ध केल्या. तेव्हां कोठें जगास कळून आलें कीं, एवढी मोठी गोष्ट येथें होऊन गेली होती! विचार करण्यासारखी गोष्ट ही आहे कीं, त्या ध्वनिफिती कोणीतरी जपून ठेविल्या नसत्या, किंवा एखाद्यानें जागा अडते म्हणून टाकून दिल्या असत्या, तर आज आपणांस या तिघांचें नांवहि कळलें नसतें. गुण असणें आणि गुणाचा पुरावा उरणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत.

तिसरें त्रिकूट पहिल्या दोहोंहून सर्वच बाबतींत निराळें आहे. तें दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील देशांत, साओ पाउलो शहरीं १९६६ मध्यें जन्मास आलें. त्याचें नांव ‘ओस मुतांतेस’. म्हणजे ज्यांच्यांत आकस्मिक बदल घडून आला आहे असे जीव. आर्नाल्दो बाप्तिस्ता आणि सेर्जिओ दियास हे दोघे सख्खे भाऊ, आणि त्यांची मैत्रीण रीटा ली ही तिसरी. येथें काटेकोर अर्थानें गिटार, बेस आणि ड्रम अशी वांटणी नव्हती. सेर्जिओकडे गिटार, आर्नाल्दोकडे बेस व पियानोसारखीं वाद्यें, रीटाकडे गायन, बासरी आणि हाताशीं येईल तें वाद्य. ड्रम वाजविण्यास आरंभींच्या काळांत बाहेरचा माणूस येई. परंतु कल्पना तिघांची, कंठ तिघांचे, आणि जोखीमहि तिघांची. १९६७ च्या ऑक्टोबरांत सेर्जिओ सोळा वर्षांचा आणि दुसरीं दोघें एकोणीस वर्षांचीं होतीं, हें विद्यार्थिवाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

या तिघांपाशीं मार्शलचीं यंत्रें नव्हतीं. परदेशी वाद्यें महाग, आणि मिळण्यास कठीण. त्यांची उणीव भरून काढली ती घरांतील तिसऱ्या भावानें. वडील भाऊ क्लाउदिओ सेझार यानें रंगभूमीवर पाऊल न टाकतां घरींच गिटारी घडविल्या, अँप्लिफायर जोडले, स्वर फाडणाऱ्या व वांकविणाऱ्या डब्या तयार केल्या. त्यामुळें या त्रिकुटाच्या गिटारीचा स्वर लंडन किंवा सॅन फ्रॅन्सिस्कोच्या कोणत्याहि गिटारीसारखा नाहीं. तो त्या एका घरच्या कारखान्याचा आहे. त्यांच्या १९६८ मधील पहिल्या मोठ्या ध्वनिमुद्रिकेंत एका फ्रेंच गीतास ड्रमवादकाच्या झांजेऐवजीं डांस मारण्याच्या फ्लिटच्या पिचकारीचा फुसफुस आवाज दिला आहे. त्याच ध्वनिमुद्रिकेच्या आरंभींचें गीत ऐन भरांत आलें असतां, ग्रामोफोनची कळ कोणी बंद करावी त्याप्रमाणें, हळूहळू मंद होत थांबतें. ऐकणारा आपलें यंत्र बिघडलें म्हणून उठूं लागतो, तोंच गीत पुन्हां सुरू होतें! असा खट्याळपणा आणि असें शास्त्र त्यांच्या संगीतांत एकत्र नांदतें.

परंतु हा खट्याळपणा ज्या देशांत चालला होता तेथें १९६४ पासून लष्करी सत्ता होती, हें विसरतां कामा नये. गंमत अशी कीं, या तरुणांवर पहिला रोष सत्ताधाऱ्यांचा न होतां सत्तेच्या विरोधकांचा झाला. विजेची गिटार म्हणजे अमेरिकेच्या सांस्कृतिक आक्रमणाचें हत्यार, असें तेथील अनेक देशाभिमानी कलावंतांचें व विद्यार्थ्यांचें मत होतें. जुलै १९६७ मध्यें साओ पाउलोच्या रस्त्यांतून विजेच्या गिटारीच्या निषेधार्थ खरोखरीच एक मिरवणूक निघाली. प्रसिद्ध गायिका एलिस रेजिना तिच्या अग्रभागीं होती. त्या मिरवणुकींत जिल्बेर्तो जिल नांवाचा तरुण गायकहि चालला होता. नवल हें कीं, त्यानंतर तीनच महिन्यांनीं हाच जिल दूरचित्रवाणीच्या गीतस्पर्धेंत ओस मुतांतेसला बरोबर घेऊन उभा राहिला. बेरिंबाउ हें धनुष्यासारखें एकतारी लोकवाद्य, पाश्चात्य वाद्यमेळ, आणि विजेची गिटार, हीं सर्व त्या एका गीतांत एकत्र आलीं, आणि त्यास दुसरें पारितोषिक मिळालें. देशी आणि परदेशी यांचें भांडण लावण्यापेक्षां परक्याचें घेऊन तें पचवावें व आपलें करावें, हा या नव्या चळवळीचा मार्ग होता. पुढें तिलाच ‘त्रोपिकालिया’ हें नांव पडलें.

हा मार्ग सर्वांस रुचला नाहीं. सप्टेंबर १९६८ मध्यें साओ पाउलोच्या एका नाट्यगृहांत कायतानो व्हेलोझो हा गायक या तिघांच्या साथीनें गावयास उभा राहिला, तेव्हां विद्यार्थ्यांनीं भरलेल्या सभागृहानें आरडाओरडा करून त्याचें गाणें बुडविलें. टोमॅटो आणि अंडीं यांचा वर्षाव झाला. श्रोत्यांनीं रंगमंचाकडे पाठ फिरविली, तशी या तिघांनींहि श्रोत्यांकडे पाठ फिरविली. परंतु वाजविणें थांबविलें नाहीं. व्हेलोझोनें गाणें सोडून श्रोत्यांसच खडे बोल सुनावले. तीन महिन्यांनीं, १३ डिसेंबर १९६८ रोजीं, लष्करी सरकारनें पांचवा अधिनियम पुकारून उरलेसुरले नागरिकांचे हक्क काढून घेतले. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस व्हेलोझो व जिल या दोघांस अटक झाली. पुढें त्यांस देश सोडून लंडनला जावें लागलें, व १९७२ पर्यंत परत येतां आलें नाहीं. विरोधकांस जे परकीयांचे हस्तक वाटत होते तेच सत्ताधाऱ्यांस राज्याचे शत्रु वाटले! अशा कैचींत सांपडूनहि मुतांतेसनीं पुढील तीन-चार वर्षें एकामागून एक ध्वनिमुद्रिका काढल्या.

१९७२ मध्यें रीटा ली या त्रिकुटांतून बाहेर पडली, व पुढें स्वतःच्या नांवानें ब्राझीलची अत्यंत लोकप्रिय गायिका झाली. तिचें निधन ८ मे २०२३ रोजीं झालें. आर्नाल्दोनेंहि १९७३ मध्यें वाद्यवृंद सोडला. ब्राझीलबाहेर या त्रिकुटाचें नांव ठाऊक असणारे फारच थोडे होते, कारण त्यांचीं बहुतेक गीतें पोर्तुगीज भाषेंत होतीं. बाहेरच्या जगास आपलीं गीतें समजावीं म्हणून १९७० मध्यें पॅरिस येथें त्यांनीं एक निराळी ध्वनिमुद्रिका तयार केली होती. परंतु ती तशीच पडून राहिली, आणि तीस वर्षांनीं, म्हणजे २००० मध्यें, प्रकाशित झाली. मध्यंतरीं १९९३ मध्यें अमेरिकेंतील ‘निर्व्हाना’ या विख्यात त्रिकुटाचा गायक कर्ट कोबेन ब्राझीलमध्यें आला असतां त्यास या जुन्या तबकड्या मिळाल्या, आणि त्यानें आर्नाल्दोला पत्र लिहून ‘पुन्हां एकत्र या’ अशी विनंती केली. १९९९ मध्यें डेव्हिड बर्न याच्या संस्थेनें त्यांच्या निवडक गीतांचा संग्रह अमेरिकेंत काढला. अखेर २००६ मध्यें लंडनच्या बार्बिकन सभागृहांत दोघे भाऊ पुन्हां एका रंगमंचावर उभे राहिले. आणि ज्याच्या गीतापासून आरंभ झाला तो जिल, जो एके काळीं कैदी व निर्वासित होता, तो २००३ पासून २००८ पर्यंत ब्राझीलचा सांस्कृतिक मंत्री होता! काळाचें चक्र असें फिरतें.

या तीन कथांवरून विस्मृतीचीं कारणें आतां सहज वेगळीं काढतां येतील. एक कारण साधनाचेंच आहे. ग्रामोफोनच्या तबकडींत खालचे जोरदार स्वर कोरले कीं खांच रुंद होते, जागा अधिक लागते, आणि सुई उडण्याची भीति असते. म्हणून तबकडी करणारे ते स्वर आवरून घेतात. ब्लू चीअरसारख्यांचें अर्धें सामर्थ्य प्रत्यक्ष सभागृहांतच राहिलें, तें तबकडींत उतरलेंच नाहीं. मागाहून तबकडी ऐकून निकाल देणारांनीं त्यांस कमी लेखिलें यांत नवल नाहीं. दुसरें कारण आयुष्याच्या अल्पतेचें. त्रिकूट हें तिपाईसारखें असतें. तीन पाय असले तर ती खडबडीत जमिनीवरहि डगमगत नाहीं, परंतु एक पाय काढला कीं ती उभीच राहत नाहीं. पांचांच्या वाद्यवृंदांतील एक गेला तर दुसरा मिळतो. तिघांतील एक गेला म्हणजे तें त्रिकूटच संपतें. तिसरें कारण भाषेचें आणि भूगोलाचें. लंडनमध्यें जें झालें तें जगानें ऐकलें. स्टॉकहोम आणि साओ पाउलो येथें जें झालें तें तेथल्यांनींच ऐकलें. या कारणांत गुणाच्या अभावाचें नांव कोठेंहि येत नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल.

उलटपक्षीं, विस्मृतींतून वर येण्याचें कारण मात्र एकच दिसतें. प्रत्येक वेळीं कोणीतरी एक मनुष्य होता, ज्यानें जुनी तबकडी टाकून दिली नाहीं, ध्वनिफीत जपून ठेविली, किंवा परक्या देशांतील दुकानांत धूळ खात पडलेली वस्तु उचलून कुतूहलानें ऐकली. कीर्ति ही जगाच्या हातीं आहे. परंतु स्मृति ही पुष्कळदां एकाच माणसाच्या हातीं असते. विद्यार्थिमित्रांनो, आपल्या घरींहि एखाद्या पेटींत आजोबांच्या काळच्या तबकड्या, किंवा कोण्या भजनीमंडळाच्या, मेळ्याच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या ध्वनिफिती पडलेल्या असतील. त्यांवर कोणाचें नांव आहे, तें ठाऊक नसेल. आवाज घासलेला असेल. तरी त्या टाकून देण्यापूर्वीं एकवार ऐकाव्या, घरांतील वृद्धांस त्यांची माहिती विचारावी, आणि ती कागदावर टिपून त्या तबकडीबरोबर ठेवावी. चाळीस वर्षांनीं ती कोणाच्या कानीं पडेल, आणि त्यास काय सांगून जाईल, हें आज कोणासहि सांगतां येणार नाहीं.

तीन तिघाडा, काम बिघाडा, ही म्हण प्रवासास निघतांना खुशाल पाळावी. परंतु ज्या तिघांस एकमेकांचें वाजविणें लक्ष देऊन ऐकतां येतें, आणि ज्यांतील प्रत्येकजण दीड माणसाचें काम आनंदानें अंगावर घेतो, त्यांच्या हातून काम बिघडत नाहीं. तें विसरलें जाण्याचा संभव मात्र असतो. आणि तें विसरूं न देणें हें ऐकणारांचें कर्तव्य आहे.